एका गाण्यातल्या दोन आयती : ‘लिटलबिगप्लॅनेट’ प्रकरणाचा अभ्यास

१७ ऑक्टोबर २००८ रोजी सोनीने जाहीर केलं की ‘लिटलबिगप्लॅनेट’ हा प्लेस्टेशन ३ वरचा गेम ठरल्या दिवशी बाजारात येणार नाही. अमेरिकेत तो चारच दिवसांनी, २१ तारखेला, दुकानांत लागणार होता. डिस्क छापून झाल्या होत्या आणि पेट्या रवाना झाल्या होत्या. त्या जगभरातून परत मागवल्या गेल्या. कारण एवढंच, की पार्श्वसंगीतातल्या एका गाण्यात कुराणातली दोन वाक्यं, म्हणजे आयती, होती.

मी पुण्यात गेमच्या ध्वनीचं काम करते. पावलांचे आवाज, दारं, पाऊस, बाजारातला गलका, पार्श्वसंगीत, सगळं. आमच्याकडे नवीन मुलं कामाला आली की पहिल्या आठवड्यात मी त्यांना हे प्रकरण सांगते. ते लिहून काढायचं मात्र राहून गेलं होतं. गेल्या पावसाळ्यात आमच्या मराठी गेमर मंडळींच्या ग्रुपवर कुणीतरी ही सतरा वर्षांपूर्वीची बातमी तारीख न पाहता टाकली आणि त्यावरून जे बोलणं झालं, ते वाचून मला रात्रभर झोप लागली नाही. म्हणून आता सविस्तर लिहिते आहे.

गेमबद्दल थोडक्यात. इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या मीडिया मॉलिक्यूल या लहानशा स्टुडिओने तो बनवला. नायक म्हणजे गोणपाटासारख्या विणीची एक बाहुली, साकबॉय. पुठ्ठे, लोकर, बटणं, स्पंज अशा वस्तूंनी रचलेल्या जगात ती धावते, उड्या मारते, दोऱ्यांना लोंबकळते. खेळणाऱ्याने स्वतःही तसंच जग रचायचं आणि इतरांना खेळायला द्यायचं, ही त्यातली खरी गंमत. रक्त नाही, बंदुका नाहीत, शिवीगाळ नाही. एका टप्प्यात आफ्रिकेचं गवताळ रान आहे आणि तिथे मालीच्या तुमानी दियाबाते यांच्या वाद्यवृंदाचं ‘ताफा नियांग’ हे गाणं वाजतं. गाणं आधीच ध्वनिमुद्रित झालेलं, २००६ च्या अल्बममधलं. ते गेमसाठी मुद्दाम करून घेतलेलं नव्हतं.

मागणी काय होती

गेम प्रकाशित व्हायच्या तोंडावर एका मुस्लिम खेळाडूने कंपनीला उद्देशून एक जाहीर पत्र लिहिलं. या प्रकरणात सगळ्यात जास्त वेळ या पत्रावर घालवला पाहिजे, कारण पुढे ज्यांनी मतं मांडली त्यातल्या बहुतेकांनी ते वाचलेलंच नसावं असं दिसतं.

पत्राचा सूर नम्र आहे. गाणं गेमच्या कुठल्या टप्प्यावर आहे, त्यात कितव्या सेकंदाला कोणते शब्द येतात, हे त्याने नेमकं सांगितलं आहे. पहिलं वाक्य, ‘कुल्लु नफ्सिन ज़ाइकतुल मौत’, म्हणजे प्रत्येक जिवाला मरणाची चव चाखायची आहे. दुसरं, ‘कुल्लु मन अलैहा फान’, म्हणजे पृथ्वीवर जे जे आहे ते सारं नाश पावणारं आहे. आपल्याला ऐकताना चूक झाली नाही ना, हे त्याने मित्रांना विचारून तपासलं होतं. निन्टेन्डोच्या ‘झेल्डा’ मालिकेतल्या एका जुन्या गेममध्ये असंच घडलं होतं आणि ते बदललं गेलं, याचा दाखलाही दिला. कुराणाचे शब्द संगीतात मिसळणं आम्हाला फार लागतं, असं त्याने सांगितलं. आणि मागितलं काय? ऑनलाइन अपडेटने हे गाणं काढा, आणि यापुढे ज्या डिस्क छापाल त्यात ते ठेवू नका.

बस्स. छापलेल्या डिस्क परत मागवा, प्रकाशन थांबवा, कुणाला शिक्षा करा, यातलं काहीच त्याने मागितलं नव्हतं. धमकी तर दूरच. ज्याला गेम आवडला आहे आणि जो तो पुढेही खेळणार आहे, अशा माणसाचं ते पत्र आहे.

कंपनीने अपडेट तयार केलंच होतं. इंटरनेट जोडलेल्या यंत्रावर पहिल्याच दिवशी गाणं बदललं गेलं असतं. पण २००८ साली घरोघरचं प्रत्येक यंत्र इंटरनेटला जोडलेलं नसे. आपल्याकडे तर प्लेस्टेशन ३ हीच मुळात महागडी वस्तू होती, आणि ज्याने ती घेतली त्याच्या घरी ब्रॉडबँडही धड असेल याची खात्री नव्हती. जोडणी नसलेल्या यंत्रांवर मूळ गाणंच वाजत राहिलं असतं. एवढ्या फटीसाठी सोनीने सगळा माल मागे घेतला. निवेदनात क्षमा मागितली, आणि गाण्याचा उल्लेख ‘एका ध्वनिमुद्रण कंपनीकडून परवाना घेतलेलं पार्श्वसंगीत’ असा केला. दियाबाते यांचं नाव त्यात नव्हतं.

साधारण आठवड्याभराने अमेरिकेत गेम आला. गाणं ठेवलं होतं, पण बिनशब्दांचं. तेव्हापासून त्या रानात फक्त वाद्यं वाजतात.

हे शब्द आत आलेच कसे

माझ्या धंद्यातल्या लोकांसाठी हा भाग महत्त्वाचा आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, एवढी मोठी कंपनी, कुणाच्या कसं लक्षात आलं नाही? आतून बघितलं तर लक्षात न येणं अगदी सहज आहे. गाणं निवडणारा माणूस दृश्य बघतो आणि विचारतो, इथे ऊन वाटलं पाहिजे, चाल हलती पाहिजे, गर्दी नको. गाणी ऐकतो, एक बसतं. मग हक्कांची कागदपत्रं सुरू होतात. रचना कुणाची, मुद्रण कुणाच्या मालकीचं, किती देशांत, किती वर्षं. त्या कागदांवर गाण्याच्या अर्थासाठी रकाना नसतो. ज्या भाषेतलं आपल्याला काही कळत नाही, ते गाणं आपण वाद्यासारखं ऐकतो. गळा हे आणखी एक वाद्य होऊन जातं.

हे मी दुसऱ्याकडे बोट दाखवून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका मोबाइल गेमसाठी मला गर्दीचा जल्लोष हवा होता. माझ्याकडे जेजुरीच्या यात्रेत मी स्वतः टिपलेला आवाज होता. त्यातला ‘येळकोट’चा गजर मी अर्ध्या सेकंदात कापला आणि खेळाडूने नाण्यांची थैली विकत घेतली की तो वाजेल असा लावला. मला तो फक्त आनंदाचा आवाज वाटला होता. महिन्याभराने एका खेळाडूचं पत्र आलं. ‘ताई, आमच्या घरी हे भंडारा उधळताना म्हणतात. दुकानातलं बटण दाबलं की ते वाजतं, ते बरं वाटत नाही.’ मी खजील झाले. दोन दिवसांत आवाज बदलला, त्याला उत्तर लिहिलं, त्याने उलट जत्रेतले आणखी चांगले आवाज कुठे मिळतील ते कळवलं. प्रकरण तिथेच मिटलं. सांगणारा एक माणूस होता आणि ऐकणारीही एकच होते, म्हणून ते मिटलं असं मला वाटतं.

आता आमच्याकडे नियम आहे. ज्या गाण्यात मानवी आवाज आहे त्याचे शब्द लिहून मागवायचे आणि ती भाषा घरात बोलणाऱ्या माणसाकडून वाचून घ्यायचे. कोशात बघून चालत नाही. कोश अर्थ सांगेल. ते शब्द लोक कधी आणि कुठे उच्चारतात, हे तो सांगत नाही. ‘कुल्लु नफ्सिन’चा अर्थ कळला म्हणून, मिरजेत मयतीच्या घरी ते किती हलक्या आवाजात म्हटलं जातं, हे कळत नाही.

तुमानी दियाबाते यांचं म्हणणं

ज्यांच्या गाण्यावरून हे सगळं झालं, ते स्वतः श्रद्धावान मुसलमान होते. कोरा हे त्यांचं वाद्य. अर्धा कापलेला मोठा भोपळा, त्यावर गाईचं कातडं ताणलेलं, लांब दांडी, २१ तारा, आणि दोन्ही हातांच्या फक्त अंगठ्यांनी व तर्जनींनी वाजवायचं. त्यांचं घराणं ग्रिओंचं, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या राजांच्या वंशावळी, लढाया आणि आशीर्वाद गाऊन जपणाऱ्यांचं. आपल्याकडचे भाट, शाहीर आणि गोंधळी एकत्र केले तर ग्रिओची थोडी कल्पना येईल. वडील सिदिकी दियाबाते हेही कोऱ्याचे उस्ताद. मालीचे गायक-गिटारवादक अली फर्का तुरे यांच्याबरोबरच्या तुमानींच्या मुद्रणाला ग्रॅमी मिळाला होता, तोही या घटनेच्या दोनच वर्षं आधी.

बीबीसीने विचारल्यावर त्यांनी सांगितलं ते असं, की संगीतातून धर्माची प्रेरणा घेणं आमच्याकडे सर्वसामान्य गोष्ट आहे, आणि लोकांना इस्लामकडे ओढण्याची माझी हीच रीत आहे. त्यांच्या बोलण्यात राग दिसत नाही, नवल दिसतं. आपली भक्ती हा कुणाचा तरी अपमान कसा ठरला, याचं नवल.

इथे थांबून एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. पत्र लिहिणारा खेळाडू काही चुकीचं सांगत नव्हता. कुराणपठणाला स्वतःची लय आहे, उच्चारांचं काटेकोर शास्त्र आहे, आणि ते पठण वाद्यसंगीतापासून वेगळं ठेवावं असं मानणारे विद्वान मोठ्या संख्येने आहेत. दुसरीकडे पश्चिम आफ्रिकेत सुफी पंथांची मुळं खोल गेलेली आहेत आणि तिथे स्तुती, स्मरण आणि गाणं एकमेकांत विणलेलं आहे. दोन्ही माणसं आपापल्या जागी प्रामाणिक होती. हा वाद इस्लामच्या आतला, शेकडो वर्षं चाललेला. कंपनीने त्यात एका बाजूचा निर्णय देऊन टाकला आणि आपण असं काही केलं हे तिच्या ध्यानातही आलं नसावं.

अमेरिकेतले मुस्लिमही एका सुरात नव्हते. अमेरिकन इस्लामिक फोरम फॉर डेमॉक्रसी या संस्थेचे झुहदी जासर यांनी डिस्क मागे घ्यायला उघड विरोध केला. ज्याला गाणं खटकतं त्याने गेम घेऊ नये, पण इतरांच्या स्वातंत्र्यावर बंधन मागू नये, असा त्यांचा मुद्दा होता. म्हणजे एक मुसलमान तक्रार करतो, दुसरा मुसलमान ते गाणं गायला लावतो, तिसरा मुसलमान माघारीला विरोध करतो. आणि तरी बातम्यांत सरसकट एकच वाक्य फिरलं : ‘मुस्लिमांच्या भावना दुखावल्या.’

ऑक्टोबर २००८ मधली हवा

सोनी एवढी का बिचकली, हे त्या वेळची हवा लक्षात घेतल्याशिवाय कळत नाही. डेन्मार्कच्या एका वृत्तपत्रात सप्टेंबर २००५ मध्ये पैगंबरांची व्यंगचित्रं छापली गेली आणि पुढच्या वर्षी त्यावरून अनेक देशांत हिंसा झाली. ती आठवण ताजी होती. अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक शेवटच्या टप्प्यात होती आणि बराक ओबामा छुपे मुसलमान आहेत अशी कुजबूज मोहीम जोरात होती. गेम मागे घेतल्यावर दोनच दिवसांनी, १९ ऑक्टोबरला, माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी दूरचित्रवाणीवर ओबामांना पाठिंबा देताना विचारलं की समजा असले मुसलमान, तर या देशात त्यात वाईट काय आहे? अशा दिवसांत एका बाहुलीच्या गेमची बातमी आली. वाचणाऱ्यांच्या डोक्यात आधीच जे भरलं होतं, त्याच खणात ती जाऊन पडली.

सोनीचा स्वतःचा ताजा अनुभवही होता. जून २००७ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडने ‘रेझिस्टन्स : फॉल ऑफ मॅन’ या गेमवर आक्षेप घेतला होता. त्यात मँचेस्टरच्या कॅथीड्रलच्या आत गोळीबार दाखवला होता, आणि त्या शहरात तरुण मुलं खरोखरच बंदुकीने मरत होती. विषय ब्रिटिश संसदेत पंतप्रधानांपर्यंत गेला. सोनीने माफी मागितली, गेम मात्र विकला जात राहिला. त्यामुळे २००८ मध्ये लगेच तुलना सुरू झाली, की चर्चला नुसती माफी आणि यांच्यासाठी अख्खा माल परत. खरं तर दोन्हींत मोठा फरक आहे. ‘रेझिस्टन्स’ कित्येक महिने आधीच विकला गेला होता आणि कॅथीड्रल हा त्यातला कळीचा प्रसंग होता. इथे गेम अजून हातात होता आणि बदलायचं होतं ते एक गाणं. पण तुलनेला फरक नको असतो.

आणि नेमक्या त्याच महिन्यात आपल्याकडे काय झालं पाहा. मायक्रोसॉफ्टने सांगितलं की ‘फॉलआउट ३’ हा गेम एक्सबॉक्स ३६० वर भारतात प्रकाशित होणार नाही. कारण दिलं सांस्कृतिक संवेदनशीलतेचं, त्याहून जास्त काही नाही. त्या मालिकेत अणुयुद्धानंतरच्या जगात दोन डोक्यांच्या गाई आहेत आणि त्यांना ‘ब्राह्मण’ म्हणतात. तेच कारण असणार, असं सगळ्यांनी धरून घेतलं. कोण रागावलं होतं? माझ्या आठवणीत तरी कुणीच नाही. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते, आमच्या मेसमध्ये गेम खेळणारे आठ-दहा जण होते, आणि आम्हाला त्या गाईंची बातमी गेम रद्द झाल्यावर कळली. आमच्या भावना आमच्या आधी दुसऱ्याच कुणीतरी ठरवून टाकल्या होत्या. ते मला फार लागलं. गेम मिळाला नाही याहून जास्त, कुणी विचारलं नाही हे लागलं.

म्हणून मी या दोन घटना नेहमी शेजारी ठेवते. ‘फॉलआउट’मध्ये तक्रार नव्हतीच, तरी गेम गेला. ‘लिटलबिगप्लॅनेट’मध्ये तक्रार होती, पण लहान होती, आणि उत्तर दिलं गेलं ते एका न आलेल्या जमावाला. भीतीने घेतलेला निर्णय नम्र माणसालाही जमाव करून टाकतो. त्या खेळाडूच्या पत्राखाली पुढे जे लिहिलं गेलं ते मी इथे उतरवणार नाही. त्याने जे मागितलंच नव्हतं त्याबद्दल त्याला शिव्या खाव्या लागल्या.

माझं मत स्पष्ट सांगते. अपडेटने शब्द काढले असते, क्षमा मागितली असती, दियाबाते यांचं नाव घेऊन त्यांच्या परंपरेबद्दल चार ओळी लिहिल्या असत्या आणि गेम ठरल्या दिवशी येऊ दिला असता, तर ते पुरेसं होतं. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही अशा घरांत ते गाणं वाजलं असतं. चाललं असतं. तक्रार करणाऱ्यानेही तेवढंच सांगितलं होतं. काही दुकानांतून मूळ डिस्क निसटल्याच, आणि त्या पुढे संग्राहकांनी हौसेने जपल्या.

मिरज

मी मिरजेची. आमच्या गावात तंबोरे आणि सतारी होतात. पंढरपूरकडून मोठमोठे भोपळे येतात, ते वाळवून, कापून, तासून त्यांना लाकडाची दांडी बसते. हे काम करणारी घरं मूळची शिकलगारांची, तलवारींना धार लावणाऱ्यांची. तलवारी गेल्या, हात वाद्यांवर बसला. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात किराणा घराण्याचे गायक उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे आणि दरवर्षी उरुसात त्यांच्या स्मरणार्थ तिथे गायन-वादन होतं. लहानपणी आजीच्या मांडीवर झोपत झोपत मी तिथे भैरवीपर्यंत बसले आहे. खाँसाहेब १९३७ साली दक्षिणेत रेल्वेच्या प्रवासात गेले. शेवट जवळ आल्याचं कळल्यावर त्यांनी तंबोरा जुळवायला सांगितला आणि दरबारी रागात कलमा गायला, असं किराणा घराण्यात सांगत आले आहेत. आमच्या गावात ही गोष्ट हिंदू-मुसलमान सगळे एकाच आवाजात सांगतात.

त्यामुळे दियाबाते यांची बाजू मला आपसूक कळते. अभंग पखवाजाशिवाय कसा म्हणायचा, हेच ज्यांना ठाऊक नाही अशा लोकांतली मी. पण म्हणूनच मला सावध राहायला हवं. मला सोपी वाटते ती बाजू खरी, असं होत नाही.

याच मिरजेत सप्टेंबर २००९ मध्ये, म्हणजे या प्रकरणानंतर वर्षभरात, गणेशोत्सवातल्या एका कमानीवर लावलेल्या अफजलखान वधाच्या चित्रावरून दंगल झाली. संचारबंदी लागली. आमच्या गल्लीत दूध आलं नाही. आई फोनवर म्हणाली, ‘तू येऊ नकोस, खिडक्या लावून बसलोय.’ चित्रावरून, गाण्यावरून काय होऊ शकतं हे मी पुस्तकातून शिकलेले नाही. कंपनीतल्या कुणाला भीती वाटली असेल तर ती खोटी होती असं मी म्हणणार नाही.

आणि मालीतही पुढे वाईट दिवस आले. २०१२ मध्ये उत्तर माली सशस्त्र गटांच्या ताब्यात गेला आणि तिथे संगीतावरच बंदी आली. टिंबक्टू, गाओकडचे कलावंत वाद्यं लपवून राजधानी बामाकोकडे पळाले. आमच्या ग्रुपवर एकाने हे लगेच जोडून टाकलं : ‘बघा, आधी पत्र लिहितात, मग बंदी आणतात.’ हे जोडणं मला अन्यायाचं वाटतं. अपडेट मागणारा खेळाडू आणि बंदूक घेऊन वाद्यं जाळणारा माणूस यांच्यात धर्माचं नाव सोडून काहीही समान नाही. दियाबाते यांचा धर्मही तोच होता आणि ज्यांची वाद्यं जळली त्यांचाही.

आमच्या ग्रुपवर

त्या रात्री काय झालं ते सांगते. बातमी पडली साडेनऊला. पहिली दहा मिनिटं ‘अरेरे, चांगला गेम होता’ असं चाललं. मग ‘आपल्या देवांचं काहीही केलं तर चालतं’ आलं. मग एका परदेशी गेममधल्या कालीमातेच्या अपुऱ्या कपड्यांचं जुनं चित्र आलं. मग मागच्या निवडणुकीचं काहीतरी. मग पक्षांची नावं. मग दोघांनी एकमेकांच्या आडनावावरून बोलायला सुरुवात केली. अधूनमधून कुणीतरी लिहीत होतं, ‘गेमिंगच्या ग्रुपवर धर्म आणि राजकारण नको’. पण ते लिहिणारेही आपलं एक वाक्य टाकून मगच ते लिहीत होते.

ग्रुपवर माझा एक मिरजेचा मित्र आहे. शाळेपासूनचा. सतारमेकरांच्या घरातला, आता पुण्यात हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं काम करतो आणि ग्रुपमधला सगळ्यात चांगला नेमबाज आहे. ग्रुपवर आम्ही चाळीसेक जण, त्यात मुसलमान तो एकटा. तो सगळं वाचत होता, हे दिसत होतं. सव्वादहाला त्याने लिहिलं, ‘लॉबी बनवलीय. कोण कोण येतंय?’ तिघे लगेच खेळायला गेले. बाकीचे त्याच्या ओळीच्या वरून भांडत राहिले.

ती ओळ मला अजून टोचते. त्याला कुणी काही विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही. ग्रुप सांभाळणाऱ्यांत माझं नाव आहे. मी बोलणं थांबवलं ते पावणेअकराला, दोघांना बाहेर काढून, आणि तेव्हाही मी कारण लिहिलं ते ‘विषयांतर’. विषयांतर नव्हतं ते. एका माणसाला त्याच्यासमोर, तो नसल्यासारखं, चाळीस जण बोलत होते. ते मी लिहायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी फोन केला. ‘सॉरी’ म्हणायच्या आत तो म्हणाला, ‘अगं सोड, सवय आहे. पण एक सांगू? मलाही ते गाणं नको झालं असतं. आवाज बंद करून खेळलो असतो मी.’

‘आणि चाचा?’

‘अब्बा?’ तो हसला. ‘अब्बांना ऐकवच तू एकदा. मला नको मध्ये घालूस.’

त्यानंतर आम्ही ग्रुपवर एकच बदल केला. धर्म-राजकारण बंद, असा फलक काढून टाकला. तो कुणी पाळत नव्हतं आणि ज्याला खरंच काही सांगायचं असे तो मात्र गप्प बसे. आता एवढंच, की बातमी टाकली तर मूळ मजकूर आणि तारीख टाकायची, आणि ज्याने तक्रार केली त्याने नेमकं काय मागितलं ते आधी एका ओळीत लिहायचं. बाकीचं नंतर. चार महिने झाले. भांडणं होतात, पण पहिली ओळ लिहिताना बऱ्याच जणांना कळतं की आपल्याला ती माहीतच नाही, आणि मग ते शोधायला जातात.

सतारमेकर गल्लीत

दिवाळीत मिरजेला गेले तेव्हा चाचांकडे गेले. ते जवारी लावत होते. हे काम शांततेत करतात. घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानशीने केसभर घासायचा, तार चढवायची, छेडायची, कान जवळ न्यायचा, पुन्हा तार उतरवून घासायचं. मी बाजूला बसून राहिले. मान वर करून त्यांनी विचारलं, ‘काय आणलंस पोरी?’

मी आधी कोऱ्याचं चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून फोन डोळ्यांजवळ धरला. ‘भोपळाच आहे की. वर चामडं लावलंय. तारा किती?’ एकवीस म्हटल्यावर बोटांनी हवेत मोजल्यासारखं केलं. ‘आणि वाजवणारा?’ मी म्हटलं, २०२४ च्या जुलैमध्ये गेले. चाचांनी हलकेच ओठ हलवले.

मित्र दाराशी उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं, तो म्हणाला, ‘लाव.’

मूळ गाणं लावलं, शब्दांसकट. चाचांचा हात कानशीवरच होता आणि बोट तालावर घोडीच्या कडेला टेकत होतं. ते शब्द आले तसा मित्र काही न बोलता चपला घालून बाहेर गेला. चाचांनी कानस खाली ठेवली. डोळे मिटले नाहीत, मान हलवली नाही, नुसते समोरच्या न रंगवलेल्या भोपळ्याकडे बघत राहिले. गाणं पुढे सरकलं, पुन्हा वाद्यं आली. तेव्हा त्यांनी कानस उचलली.

मित्र कोपऱ्यावरून चहा घेऊन आला, तीन कप. एक अब्बांपुढे ठेवला, एक मला दिला.

‘झालं?’ त्याने विचारलं.

‘झालं,’ चाचा म्हणाले, आणि तार चढवून त्यांनी ती एकदा छेडली.